पाचवा झेंडा

खळताईचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते एका सरकारी कागदावर नक्की लिहिलेलं असणार, पण तो कागद मागायची तरुणपणी माझी छाती झाली नाही आणि आता मागितला तर देणारा माणूस उरला नसेल. गल्लीत लहानथोर सगळे तिला खळताईच म्हणायचे. कुणी अहोजाहो केलं तर ती मागे वळून बघायची, दुसरंच कुणी आलंय की काय म्हणून. त्यामुळे मीही तिला ‘ती’च म्हणणार आहे. ज्यांना हे उद्धट वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

सतरा वर्षं तिनं पाकिटांच्या कारखान्यात पाकिटं चिकटवली. मग चिकटवायचं यंत्र आलं आणि तिला घरी बसवलं. पण घरी बसणं तिच्या रक्तातच नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या आया कामाला जायच्या. माझी आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. या आयांनी सकाळी आपापली पोरं तिच्या दारात सोडायला सुरुवात केली आणि बघता बघता तिच्या बाहेरच्या खोलीचा बालवर्ग झाला. विटांवर जुनं दार आडवं टाकून केलेलं बुटकं टेबल, खिळ्याला दोरीनं बांधलेल्या चार बोथट कात्र्या, रंगीत कागदाच्या तुकड्यांनी भरलेला पत्र्याचा डबा आणि कोपऱ्यात स्टोव्हवर खळीचं पातेलं. एवढ्या भांडवलावर तिनं गल्लीतल्या कित्येक पोरांना वळण लावलं.

खळीच्या बाबतीत ती फार काटेकोर होती. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, एकही गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर हात न थांबवता ढवळायचं. पांढरा रंग जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायचं. कारखान्यात त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालत. तो निळा खडा विषारी असतो. तो घातला की झुरळं खळीला तोंड लावत नाहीत आणि चिकटवलेलं वर्षानुवर्षं टिकतं. खळताईनं मात्र घरच्या खळीत मोरचूद कधी घातला नाही. तिची पोरं बोटं चाटायची ना! त्यामुळे आम्ही जे जे बनवलं ते सगळं वर्षाच्या आत झुरळांनी फस्त केलं. “खाऊ दे मेल्यांना. पुढच्या वर्षी नवीन करू,” असं ती म्हणायची.

बोटं चाटणाऱ्यांत माझा नंबर पहिला. पातेल्याच्या तळाला लागलेली खळीची खरवड मला इतकी आवडायची की तिनं माझं नावच खरवड ठेवलं. “ए खरवडे, इकडे ये,” अशी हाक आली की समजायचं, आज चमचा आपल्याला. मैद्याला काय चव असणार? पण ती मला मिळायची आणि दुसऱ्याला नाही, यात सगळी चव होती.

तिचं देशावर प्रेम होतं. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढे तिच्याबद्दल जे बोललं गेलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. राष्ट्रदिनाच्या आठवड्यात शाळा बंद असायच्या आणि पोरं घरात उच्छाद मांडायची, म्हणून ती प्रत्येकाला घरी करायला काहीतरी देत असे. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर देशाचा नकाशा काढून द्यायची. आम्ही त्यावर निळ्या लोकरीच्या नद्या चिकटवायचो. एकदा माझी नदी समुद्राला न मिळता डोंगरावर चढली, तर म्हणाली, “असू दे, तिला हवा खायची असेल.” एका वर्षी तिनं आम्हाला दारात रांगेनं उभं करून गटारं उपसणाऱ्याला सलाम करायला लावला. देश चालवणाऱ्यांना सलाम करायचा असतो, असं तिचं म्हणणं. तो बिचारा आधी चिडला, पोरं टवाळी करतायत म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी केसांना तेल लावून, भांग पाडून आला.

पण तिचं खास पान वेगळं होतं. कागदावर घराचं चित्र, दोन खिडक्या आणि एक दार. राष्ट्रदिनाच्या दिवशी आपल्या घरात जितकी माणसं असतील तितके कागदी झेंडे त्या घरावर चिकटवायचे आणि खाली आकडा लिहायचा. नियम एकच, कुणालाही गाळायचं नाही. तान्हं बाळ असलं तरी त्याचा झेंडा. पाहुणा असला तरी त्याचा झेंडा. हा नियम कुठून आला तेही तिनं आम्हाला सांगितलं होतं. ती लहान असताना पुरानं घर गेलं आणि सगळे छावणीत राहिले. धान्य वाटायला आलेल्या माणसानं डोकी मोजली, तेव्हा तिची आजी कनातीमागे झोपली होती. ती मोजायची राहिली. पंधरा दिवस घरातले सगळे आपल्या घासातला घास आजीला देत होते, आणि तरी ते पुरलं नाही.

“म्हणून मोजायचं,” खळताई म्हणायची. “ज्याला मोजत नाहीत तो उपाशी राहतो.”

आमच्यात एक पोरगा होता, सगळ्यांशी वाद घालायचा म्हणून त्याला आम्ही वकील म्हणायचो. त्यानं एकदा अंथरुणाला खिळलेल्या आपल्या आजीचा झेंडाच लावला नाही. “ती उठतच नाही, झेंडा धरणार कशी?” असा त्याचा मुद्दा. खळताईनं त्याला पान घेऊन परत घरी पिटाळलं, आजीला विचारून ये म्हणाली, तुला कुठल्या खिडकीजवळचा झेंडा हवा. वकील रडत गेला आणि हसत आला. हे आम्ही सगळ्यांनी बघितलं होतं. माणूस गाळणं म्हणजे काहीतरी फार वाईट, हे सहाव्या वर्षी माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या वर्षी दारांवर पाट्या आल्या. तळहाताएवढी पत्र्याची पाटी, तिच्यावर घरातल्या माणसांचा आकडा, चार कोपऱ्यांना चार खिळे. आमच्या दारावर चार होते: आई, बाबा, मी आणि रांगणारा भाऊ. खळताईच्या दारावर एक. घरात रात्रभर राहणाऱ्या पाहुण्याची खबर सरकारी कार्यालयात द्यायची, असा हुकूम निघाला. आम्हा पोरांना त्या पाट्यांचं कौतुकच वाटलं. आम्ही गल्लीभर बेरजा करत फिरायचो. मोठी माणसं मात्र हळू बोलायला लागली. नळावर बायका भांडायच्या बंद झाल्या, यावरून काय ते समजा.

आणि मग मामा आला. आईचा मोठा भाऊ, छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्यानं परवानगी नसलेलं काहीतरी छापलं होतं. काय, ते मला आजही नीट माहीत नाही; एक पानभर मजकूर होता, एवढंच आई म्हणायची. आईनं त्याला इस्पितळाच्या ढकलगाडीतून, मळक्या चादरींच्या ढिगाखाली घालून भरदुपारी घरी आणला. मागच्या अडगळीच्या खोलीत कपाटाआड त्याची पथारी पडली. आईनं मला समोर बसवलं, माझे दोन्ही हात घट्ट धरले.

“मामा इथे आहे हे कुणाला सांगायचं नाही. मैत्रिणीला नाही, ताईंना नाही, कुणालाच नाही. सांगितलंस तर मामाला धरून नेतील. बाबांनाही नेतील. कळलं?”

मला कळलं. मी शब्दाची पक्की होते आणि मी कुणालाही सांगितलं नाही. तरीही जे व्हायचं ते झालंच.

राष्ट्रदिनाच्या पंधरा दिवस आधी कार्यालयातला एक माणूस बालवर्गात आला. छातीवर चकचकीत बिल्ला होता, म्हणून तो आमचा बिल्लेवाला. वागायला वाईट नव्हता. बुटक्या टेबलाशी मांडी ठोकून बसला, आम्हाला पेपरमिंटच्या गोळ्या वाटल्या, भिंतीवरच्या लोकरीच्या नद्या निरखून बघितल्या.

“बाई, तुमचं ते झेंड्यांचं पान आमच्या कानावर आलंय,” तो म्हणाला. “फार गोड कल्पना. यंदा सगळ्या शहरात तेच करून घ्यायचं ठरलंय.”

त्यानं पिशवीतून छापील पान काढलं. जाड कागद, वर सरकारी शिक्का, घर तिच्या घरापेक्षा ऐटबाज. खाली दोन ओळी जास्तीच्या होत्या: घर क्रमांक, आणि दारावरच्या पाटीवरचा आकडा. खळताईनं हात पदराला पुसून ते पान दोन्ही हातांत घेतलं. सतरा वर्षं पाकिटं आणि त्यानंतर पोरं चिकटवलेल्या बाईचं काम पहिल्यांदा छापून आलं होतं. तिचा चेहरा असा फुलला की बस्स. मी तिला देवी करून मखरात बसवणार नाही. ती त्या पानावर भाळली. मीही भाळले असते.

“पोरांनी घरीच करायचं. आईबापांनी मदत करायची नाही, म्हणजे पोरांचं खरंखुरं काम दिसेल,” बिल्लेवाला म्हणाला. “आणि सगळी पानं परत द्यायची. प्रदर्शन आहे.”

“परत?” खळताई म्हणाली. “पोरं घरी भिंतीवर लावतात हो.”

“सगळी परत. तेवीस दिली, तेवीस घेणार. आम्हीही तुमच्यासारखेच, कुणाला गाळत नाही.” आणि तो हसला.

पान बाजूला ठेवून खळ ढवळायला लागलेला खळताईचा हात थांबला. मला हे पक्कं आठवतं, कारण त्या दिवशी तिची खळ पहिल्यांदा करपली आणि मला भरपूर खरवड मिळाली. तिच्या मनात काहीतरी आलं असणार. पण त्या जाड कागदावरून तिनं पुन्हा एकदा बोट फिरवलं आणि आलेलं ते बाजूला सारलं.

राष्ट्रदिनाच्या दिवशी रस्त्यावरचे कर्णे सकाळपासून वाजत होते. इस्पितळाला सुट्टी नसते, म्हणून आई दुहेरी पाळीवर. बाबा माल पोचवायला गेलेले, भाऊ शेजारच्या काकूंकडे. मी मागच्या खोलीत मामाजवळ बसून झेंडे रंगवले. मामानं ते आईच्या कात्रीनं कापून दिले. खिळे जुळवणारा माणूस तो; प्रत्येक झेंडा रेघेत, एकसारखा. इतके सुरेख झेंडे आमच्या वर्गात कुणाचेच नव्हते.

“किती हवेत?” त्यानं विचारलं.

मी बोटं मोजली. “पाच.”

“सहा कापतो, एखादा फाटला तर.” त्याला वाटलं, पोर दोन-चार शोभेला लावणार. ते पान कुठे जाणार आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. कर्ण्यांच्या त्या गोंगाटात तो भिंतीला टेकून झोपी गेला. मी वाटीतली खळ बोटानं लावत चौघांचे झेंडे चिकटवले, मग दाराच्या बाजूला, जरा आड, मामाचा. कुणाला सांगितलं तर नव्हतंच मी. फक्त मोजलं होतं. खाली पाच लिहिलं आणि पाटीचा आकडा मात्र जसा होता तसा, चार.

आई संध्याकाळी आली ती पाय ओढत. “पान झालं का गं?”

“झालं.”

“शहाणी माझी बाय ती,” म्हणून तिनं डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तेवीसच्या तेवीस पोरं पानं घेऊन हजर. बिल्लेवाला बारा वाजता येणार होता. खळताई एकेक पान घेऊन वाचत होती, पाठ थोपटत होती. स्टोव्हवर पातेलं चढवलेलं, कारण कुणाकुणाचे झेंडे निघाले होते. माझं पान तिनं घेतलं, मामाचे ते रेघेत कापलेले झेंडे बघितले आणि आधी हसली. मग मोजले. मग खालचे दोन आकडे वाचले. आमच्या घरात कोण कोण राहतं हे तिला आमच्या रेशनकार्डापेक्षा जास्त माहीत होतं.

पान तिनं पोटाशी धरलं आणि दाराबाहेर बघितलं. दहा वाजत होते आणि गल्लीच्या तोंडाशी बिल्लेवाल्याची सायकल टेकलेली दिसत होती. तो तिथे कुणाशी तरी बोलत उभा होता. आकडा खोडावा तर जाड छापील कागद. शाई खरवडली तर भोक पडणार. झेंडा काढावा तर डाग राहणार. पान लपवावं तर तेवीस दिली होती.

“पोरांनो!” ती एकदम म्हणाली. इतका मोठा आवाज तिनं कधी काढला नव्हता. “एक झेंडा राहिला रे सगळ्यांचा! माझा! मी तुमच्या घरची नाही का? चला, ताईचा एक झेंडा लावा बघू भराभर. आणि खालच्या झेंड्यांच्या आकड्यात एक वाढवा.”

पोरं काय, चिकटवायला मिळतंय म्हटल्यावर तुटून पडली. फक्त वकील अडला.

“ताई, तू आमच्याकडे राहत नाहीस. आकडा चुकेल.”

“चुकू दे.”

तिच्या तोंडून हे ऐकून मी चाट पडले. ज्या बाईनं आजीचा झेंडा राहिला म्हणून पान परत पाठवलं, ती म्हणत होती चुकू दे. मी मोठ्या तत्परतेनं माझं पान मागायला हात पुढे केला. “ताई, माझे तर आधीच पाच आहेत. मग मी सहा करू?”

“खरवडे, तुझा लावून झालाय.”

“पण तो तुझा नाही, तो तर...”

तिनं पातेल्यातून खरवडीचा भलामोठा गोळा उलथन्यावर घेतला, फुंकर मारली आणि माझ्या तोंडात कोंबला. “आधी खा,” ती म्हणाली. माझे गाल फुगले, टाळूला चटका बसला, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात दारात सावली पडली.

“वा वा, काम चालू आहे अजून!” बिल्लेवाला म्हणाला.

तिनं माझं पान गठ्ठ्याच्या मधोमध सरकवलं होतं. तो बसला, गठ्ठा पुढे ओढला आणि पहिलं पान बघितलं. पाटीचा आकडा पाच, झेंडे सहा. दुसरं पान. पाटीचा आकडा तीन, झेंडे चार. त्याची भुवई चढली.

“हे काय, बाई? सगळीकडे एक जास्त?”

“माझा आहे तो,” खळताई म्हणाली. “पोरांचा हट्ट. ताईला गाळायचं नाही म्हणाली.”

“असं होय.” त्यानं वकिलाकडे बघितलं. “खरं का रे?”

वकिलानं सगळ्यांकडे एकदा बघितलं. सहा-सात वर्षांचं पोर ते. “ताईचाच आहे,” तो म्हणाला. खोटं नव्हतंच ते, त्याच्या पानावर तो ताईचाच होता.

मग बिल्लेवाला माझ्याकडे वळला. “आणि तुझ्या पानावर गं, छकुले? कुणाकुणाचे झेंडे?”

मला सगळ्यांची नावं सांगायची होती. देवाशपथ सांगते, मी सांगणारच होते. पान माझं सगळ्यांत सुंदर होतं. पण तोंड गच्च भरलेलं, दात एकमेकांना चिकटलेले. मी नुसतं “म्म” केलं. सगळी पोरं हसली. बिल्लेवालाही हसला आणि पुन्हा गठ्ठ्याकडे वळला.

आणि तेव्हा त्यानं ते केलं. पहिल्या पानावरच्या शेवटच्या झेंड्यावर त्यानं अंगठा ठेवला. झेंडा सरकला. ओला होता. दुसऱ्या पानावर ठेवला. ओला. तिसऱ्यावर. चौथ्यावर. तो आता हसत नव्हता, घाईतही नव्हता. तांदूळ निवडावेत तसा एकेक पान बाजूला ठेवत चालला होता. ओला. ओला. बावीस झेंडे दहा मिनिटांपूर्वी लावलेले होते. एक काल दुपारी लावलेला होता, आणि तो खडखडीत वाळलेला होता.

खळताईला ते त्याच क्षणी कळलं असणार. मी तिच्याकडे बघत होते, कारण तोंडातला घास गिळू का थुंकू हे मला विचारायचं होतं. तिनं त्याचा अंगठा बघितला. मग भिंतीवरच्या आमच्या नद्यांकडे बघितलं. आणि मग उकळत्या खळीचं पातेलं दोन्ही हातांनी, फडक्याशिवाय उचलून सबंधच्या सबंध त्या गठ्ठ्यावर ओतलं.

सरकारी शिक्के, घरं, खिडक्या, झेंडे, सगळं त्या लगद्याखाली गेलं. टेबलावरून खळ ओघळली. बिल्लेवाला उडी मारून मागे सरला, त्याच्या पँटवर शिंतोडे उडाले होते.

“कलंडलं,” खळताई म्हणाली. तिचे तळवे लालभडक झाले होते.

“कलंडलं नाही, बाई,” तो अगदी शांतपणे म्हणाला. “तुम्ही ओतलंत. देशाच्या झेंड्यावर ओतलंत. लहान लेकरांसमोर.” त्यानं पँट झटकली. “चला. दोन प्रश्न विचारायचे आहेत, लगेच परत याल.”

ती निघाली. चपला घालायला वाकली, पण भाजलेल्या हातांनी पट्टा लागेना, तेव्हा तशीच अनवाणी निघाली. दारात थांबून तिनं मागे बघितलं. मला वाटलं, आता ती मला रागावणार.

“खरवडे, पातेल्यात पाणी घालून ठेव,” ती म्हणाली. “नाहीतर वाळून बसेल.”

मी घातलं. एवढ्या पोरांतून ताईनं काम मला सांगितलं, याचा मला अभिमान वाटला. दुपारी आई मला न्यायला आली तेव्हा सगळ्यांत आधी मी तिला हेच सांगितलं, की मी पातेल्यात पाणी घातलं. मग बाकीचं सांगितलं: सगळ्यांचे ओले होते, माझाच तेवढा वाळलेला होता, कारण मी मामाचा आधीच लावला होता ना. आईनं मला मारलं नाही. ती रस्त्यातच खाली बसली. मग उठली आणि माझा हात धरून इतकी भरभर चालायला लागली की माझे पाय जमिनीला लागेनात.

त्याच दुपारी मामा मळक्या चादरींखालून गेला. गठ्ठ्यातली पानं म्हणे कार्यालयात वाफ देऊन सोडवायचा प्रयत्न झाला, पण त्याची वीट झाली होती. मग बिल्लेवाल्यांनी तेवीसच्या तेवीस घरं झडतीला घेतली. आमच्याकडे ते तिसऱ्या दिवशी आले. कपाट सरकवलं, अडगळीची खोली बघितली आणि गेले. मामा सीमेपलीकडे पोचला, तिथे म्हातारा होऊन मेला. आयुष्यभर तो आईला पत्रं लिहायचा आणि प्रत्येक पत्रात एकच विचारायचा: त्या बाई आल्या का?

ती आली नाही. आई दोनदा कार्यालयात गेली, कुणाच्या तरी नळाचं काम काढून, हळूच विचारून आली. पहिल्यांदा तिला सांगितलं, चौकशी चालू आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, अशी कुणी बाई नोंदीत नाही. तिच्या खोलीला कुलूप लागलं, आणि एका सकाळी बघितलं तर दारावरची पाटीही काढलेली. चार खिळ्यांची चार भोकं तेवढी राहिली होती. गल्लीत लोक बोलायला लागले, बाई आतून देशद्रोहीच होती, झेंड्यावर उकळता चिखल ओतला म्हणे. ज्यांची पोरं तिनं शहाणी केली तेच बोलत होते. मला तेव्हा त्यांच्या तोंडात खळ कोंबावीशी वाटायची. अजूनही वाटते.

पुढच्या वर्षी राष्ट्रदिनाला छापील पान पुन्हा आलं, आता शाळेतून. वर शिक्का, खाली ठळक अक्षरांत एक सूचना: घरातल्या कुणालाही गाळू नका. तिचंच वाक्य. मी पान घेऊन स्वयंपाकघरात बसले, चार झेंडे लावले आणि पाचवा उचलला.

आईनं माझं मनगट धरलं. “हा कुणाचा?”

“ताईचा.”

वाटलं, आता थोबाडीत बसणार. पण आईनं झेंडा माझ्या हातातून अलगद काढून घेतला. “तो त्यांच्या पानावर नाही लावायचा,” ती म्हणाली. तिनं मागच्या खोलीतलं कपाट उघडलं आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे, जागा पुसून घेतली. मग परत येऊन वाटीतली खळ पुन्हा आचेवर ठेवली. फडताळातून कागदाची पुडी काढली आणि निळा खडा बत्त्यानं कुटून त्याची चिमूटभर पूड खळीत घातली.

“बोटं चाटायची नाहीत आता,” आई म्हणाली. “विष आहे.”

मी नाही चाटली. त्यानंतर कधीच नाही. तो झेंडा अजून तिथेच आहे, कडांना जरा निळसर झालाय, पण झुरळांनी त्याला तोंड लावलेलं नाही.